ल्युटेशियम-१७७: थेट बनवायचे, की यिटर्बियममधून सोडवून घ्यायचे?

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आणि प्रोस्टेट कर्करोगाच्या उपचारात ल्युटेशियम-१७७ आता रुळले आहे. एका रुग्णाला एका वेळी ७.४ गिगाबेकरेल, म्हणजे २०० मिलिक्युरी, हा नेहमीचा डोस. तो पुरवणारी प्रयोगशाळा मुंबईत उभारायची असो किंवा हॉस्पिटलच्या रेडिओफार्मसीसाठी कोणता माल मागवायचा ते ठरवायचे असो, दोन प्रश्न एकामागोमाग येतात. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करण्याच्या भानगडीत पडायचेच का? आणि पडायचे ठरले तर कोणत्या पद्धतीने? बहुतेक बैठका दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतात आणि रेझिनच्या (मूलद्रव्ये वेगळी करायला वापरायच्या दाणेदार पदार्थाच्या) किमतीत अडकतात. पहिल्याचे उत्तर आधी द्यावे. कारण तिथे 'नाही' म्हणता आले, तर दुसरा प्रश्न उरतच नाही.

एक मिलिग्रॅम विरुद्ध एक ग्रॅम

थेट वाटेत लक्ष्य ल्युटेशियमचेच असते. निसर्गातल्या ल्युटेशियममध्ये १७६ हा समस्थानिक फक्त २.६ टक्के असतो. तो ८० टक्क्यांच्या आसपास वाढवलेला माल घ्यायचा आणि रिॲक्टरमध्ये न्यूट्रॉनखाली ठेवायचा. १७६ ला न्यूट्रॉनची भूक जबरदस्त: औष्णिक, म्हणजे मंद न्यूट्रॉनसाठी २,००० बार्नहून (बार्न हे या भुकेचे एकक) जास्त, आणि त्यापेक्षा थोड्या वेगवान न्यूट्रॉनमुळे प्रत्यक्षात त्याहूनही बरीच अधिक. ट्रॉम्बेचा ध्रुव रिॲक्टर (१९८५ पासून, १०० मेगावॅट) याच कामी येतो. दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला सुमारे १२० लाख कोटी न्यूट्रॉन धरले, तर दोन-तीन आठवड्यांत एका मिलिग्रॅममागे २० क्युरीच्या घरात माल तयार होतो. शुद्ध ल्युटेशियम-१७७ ची कमाल मर्यादा ११० क्युरी प्रति मिलिग्रॅम आहे. म्हणजे बाटलीतल्या दर पाच ल्युटेशियम अणूंत साधारण एक सक्रिय असतो आणि बाकीचे थंड, म्हणजे किरण न सोडणारे, सोबती. प्रयोगशाळेच्या भाषेत हा 'कॅरियर ॲडेड' किंवा सीए माल.

रसायनाचे काम मात्र किरकोळ. ल्युटेशियम ऑक्साइड विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवायचे, मोजून क्वार्ट्झ ॲम्प्यूलमध्ये टाकायचे, दिव्याखाली सुकवायचे, ज्योतीने तोंड बंद करायचे आणि ॲम्प्यूल ॲल्युमिनियमच्या डब्यात घालायची. परत आल्यावर ती फोडून ०.१ मोलर ॲसिडमध्ये गरम करून विरघळवली, गाळली, मोजली, की संपले. इथे एकच काळजी डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागते: सुकवणे अर्धवट राहता कामा नये. क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही हवेतले पाणी ओढतात, आणि मुंबईच्या जुलैत तर ते डोळ्यांदेखत ओलसर होतात. बंद ॲम्प्यूलमध्ये पाणी राहिले तर रिॲक्टरमध्ये वाफ आणि विघटनातून होणारे वायू यांचा दाब वाढतो आणि ॲम्प्यूल आतच फुटते. मग गळलेल्या सक्रियतेची साफसफाई आली, आणि गेलेला माल वेगळाच.

आडवाटेत लक्ष्य यिटर्बियम-१७६ चे. तो न्यूट्रॉन गिळून यिटर्बियम-१७७ होतो आणि १.९ तासांच्या अर्धायुष्याने बीटा टाकून ल्युटेशियम-१७७ बनतो. मूलद्रव्यच बदलल्यामुळे थंड ल्युटेशियम सोबत येत नाही. हा 'नो कॅरियर ॲडेड', एनसीए माल. पण १७६ यिटर्बियमची भूक फक्त २.८५ बार्न. त्याच ध्रुवात, त्याच दोन आठवड्यांत, एका ग्रॅम यिटर्बियममागे २४ क्युरीच्या आसपासच हाती लागते. जे थेट वाटेने एका मिलिग्रॅममधून मिळाले, त्यासाठी इथे एक ग्रॅम लागला.

या २४ क्युरीत ल्युटेशियम किती असते? ०.२२ मिलिग्रॅम. तेवढे १,००० मिलिग्रॅम यिटर्बियममधून बाहेर काढायचे आहे, साडेचार हजारांत एक. आणि अंतिम मालात यिटर्बियम ल्युटेशियमच्या दहाव्या भागावर उतरवायचे म्हटले, तर १,००० मिलिग्रॅमचे ०.०२ मिलिग्रॅम करावे लागतात. शुद्धीकरणाचा हा गुणक ५०,००० च्या घरात जातो. पुढची सगळी डोकेदुखी या एका आकड्यातून निघते.

सीए माल कुठे पुरतो, कुठे अडतो

डोटाटेटचा विचार करू. हे ट्यूमरवरच्या रिसेप्टरला चिकटणारे पेप्टाइड, आणि त्याला जोडलेला 'डोटा' हा पिंजरा ल्युटेशियम धरून ठेवतो. एका डोसमध्ये २०० मायक्रोग्रॅम पेप्टाइड धरले, तर ते साधारण १४० नॅनोमोल होते. २० क्युरी प्रति मिलिग्रॅमचा ताजा सीए माल घेतला, तर ७.४ गिगाबेकरेलसाठी १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५७ नॅनोमोल ल्युटेशियम लागते. एका अणूमागे अडीच रेणू पेप्टाइड उरते. लेबलिंग, म्हणजे पेप्टाइडला ल्युटेशियम जोडणे, सुखाने होते. तोच माल एक अर्धायुष्य, म्हणजे ६.६५ दिवस पडून राहिला, तर त्याच डोससाठी जवळपास दुप्पट ल्युटेशियम घालावे लागते. ते ११० नॅनोमोलवर जाते आणि प्रमाण सव्वाला एकवर येते. आता जरासे लोखंड किंवा जस्त आले तरी लेबलिंग ९८ टक्क्यांखाली घसरते. पेप्टाइड वाढवून हे झाकता येते, पण मग ट्यूमरवरच्या रिसेप्टरसाठी थंड रेणूच रांगेत पुढे उभे राहतात.

एनसीए मालात त्याच डोसला सुमारे १० नॅनोमोल ल्युटेशियम लागते, आणि आठवड्याने सुद्धा तेवढेच. क्षय झालेला अणू हाफनियम होतो आणि लेबलिंगच्या पीएचला हाफनियम सहसा डोटाच्या पिंजऱ्यात शिरत नाही. म्हणून एनसीएचा खरा फायदा ताज्या मालापेक्षा शिळ्या मालात दिसतो. तुलना करताना पुरवठादाराच्या कागदावरचा उत्पादनाच्या दिवसाचा आकडा न बघता इंजेक्शनच्या दिवसाचा आकडा मागून घ्यावा.

मुंबईचे गणित इथेच वेगळे होते. ट्रॉम्बे, वाशीतले ब्रिट (किरणोत्सारी मालाचा पुरवठा करणारी सरकारी संस्था) आणि परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर एकाच शहराच्या पोटात आहेत. सायन-पनवेल मार्ग पावसात तुंबून गाडीला तीन तास लागले, तरी क्षय होतो सव्वा टक्का. हाच माल दोन दिवसांच्या प्रवासाने दुसऱ्या राज्यात गेला तर १९ टक्के जातात आणि लेबलिंगचे प्रमाणही घसरते. डोटाटेटसारखे लहान पेप्टाइड, भरपूर रिसेप्टर असलेले ट्यूमर आणि माल दोन-चार दिवसांत संपवणारा विभाग, एवढे असेल तर मुंबईत सीए पुरेसा आहे. त्यासाठी यिटर्बियमच्या वाटेला जाणे म्हणजे गल्लीतल्या किराण्यासाठी ट्रक भाड्याने घेण्यासारखे.

अडते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे अँटिबॉडी. तिथे रेणूवर मोजकेच डोटा बसवता येतात आणि अँटिबॉडीची मात्रा वाढवणे परवडत नाही. दुसरे म्हणजे कचरा. थेट वाटेत ल्युटेशियम-१७७एम, म्हणजे १७७ ची उत्तेजित स्थिती, हा १६० दिवस अर्धायुष्याचा भाऊ साधारण ०.०१ ते ०.०२ टक्के सोबत येतो. रुग्णाला त्याचा त्रास नगण्य. पण ०.०२ टक्के धरले आणि एका डोसचा सगळा अवशेष साठवला, तर शंभर दिवसांनी त्या साठ्यात १७७एम हा १७७ च्या चौपटीच्या आसपास असतो. दहा अर्धायुष्ये थांबायचा हिशेब ६७ दिवसांवरून चार वर्षांवर जातो. मुंबईत हॉस्पिटलच्या तळघरात चौरस फूट मोजून डिले टँक (किरणोत्सारी सांडपाणी क्षय होईपर्यंत साठवायच्या टाक्या) बसवलेल्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. एनसीए वाटेत १७७एम जवळजवळ येतच नाही, कारण यिटर्बियम-१७७ चा क्षय ल्युटेशियमच्या त्या उत्तेजित स्थितीत उतरत नाही.

थेट माल रिॲक्टरमध्ये जास्त दिवस ठेवून सुधारेल, असाही एक समज आहे. ध्रुवच्या पातळीच्या फ्लक्समध्ये (न्यूट्रॉनच्या माऱ्यात) सक्रियता दोन-तीन आठवड्यांत शिखर गाठते. पुढे १७६ संपत जातो, १७७एम चा वाटा मात्र वाढत राहतो.

वेगळे करायचेच, तर आधी लक्ष्य तपासा

कॉलमची, म्हणजे दोन मूलद्रव्ये वेगळी करणाऱ्या रेझिन भरलेल्या नळीची, चर्चा करण्यापूर्वी यिटर्बियमच्या बाटलीसोबत येणाऱ्या प्रमाणपत्रावरच्या दोन ओळी वाचाव्यात. एनसीए म्हणून विकत घेतलेला माल बहुतेक वेळा तिथेच बिघडलेला असतो, आणि जगातला कोणताही कॉलम तो सुधारू शकत नाही.

पहिली ओळ यिटर्बियम-१७४ ची. त्याची न्यूट्रॉनची भूक ६० बार्नहून अधिक, म्हणजे १७६ च्या वीसपट. त्यातून यिटर्बियम-१७५ बनतो आणि ४.२ दिवसांच्या अर्धायुष्याने स्थिर ल्युटेशियम-१७५ होतो. लक्ष्यात १७४ फक्त एक टक्का असला, तरी दोन आठवड्यांच्या किरणनानंतर (न्यूट्रॉनखाली ठेवल्यानंतर) दर चार सक्रिय ल्युटेशियम अणूंमागे साधारण एक थंड अणू तयार झालेला असतो. वेगळे करायला उशीर केला तर तो आकडा आणखी चढतो, कारण यिटर्बियम-१७५ चा क्षय चालूच राहतो. रिॲक्टरमधून काढल्यावर यिटर्बियम-१७७ संपायला एक दिवस पुरतो. त्यानंतर लक्ष्य शेल्फवर ठेवणे सर्वस्वी तोट्याचे आहे.

दुसरी ओळ ल्युटेशियमच्या अशुद्धतेची. १०० पीपीएम ऐकायला कमी वाटते. एका ग्रॅममध्ये ते ०.१ मिलिग्रॅम होते, आणि आपला सगळा माल आहे ०.२२ मिलिग्रॅम! १० पीपीएमलाही साडेचार टक्के थंड ल्युटेशियम येते. उपाय सोपा आहे, पण अनेकदा राहून जातो: किरणनाआधीच लक्ष्य त्याच कॉलममधून एकदा फिरवून त्यातले ल्युटेशियम काढून टाकावे. सक्रियता नसताना हे काम बाकावर, हातमोजे घालून होते, आणि कॉलमची रंगीत तालीमही होऊन जाते.

जाता जाता: "दुर्मिळ मृदा आपल्याकडे आहेत, मग यिटर्बियम आयात का?" हा प्रश्न प्रभादेवीला मुख्यालय असलेल्या आयआरईएल या दुर्मिळ मृदांच्या सरकारी कंपनीच्या नावासकट नेहमी येतो. भारतीय मोनाझाइट या खनिजामध्ये लँथेनम, सिरियम, निओडिमियम ही हलकी मंडळी भरपूर असतात, जड टोकाचे यिटर्बियम-ल्युटेशियम अगदी थोडे. शिवाय इथे मूलद्रव्य वेगळे करून भागत नाही. नैसर्गिक यिटर्बियममधला १३ टक्के १७६ समस्थानिक म्हणून वेगळा काढावा लागतो. तो कारखानाच निराळा.

हत्ती गेला आणि शेपूट राहिले

यिटर्बियम आणि ल्युटेशियम शेजारी-शेजारी, दोन्ही त्रिसंयुजी, आयनांची त्रिज्या ०.८६८ आणि ०.८६१ अँगस्ट्रॉम. फरक एक टक्क्याहून कमी. कोणताही संयुगकारक घेतला तरी एका फेरीतला विभाजन-गुणक दीड ते दोनच्या दरम्यानच येतो. म्हणून कॉलममध्ये शेकडो फेऱ्या घडवून आणाव्या लागतात. इथपर्यंत सगळ्या पद्धती सारख्याच.

खरा फरक क्रमाचा आहे. कॉलममधून पहिल्यांदा कोण बाहेर पडते, हत्ती की मुंगी? हत्ती म्हणजे एक ग्रॅम यिटर्बियम, मुंगी म्हणजे ल्युटेशियम. कॉलममधून किती माल कधी निघतो याचा वक्र काढला, तर हत्तीच्या वक्राचा पुढचा कडा सरळ, तीक्ष्ण असतो आणि मागे लांबच लांब शेपूट ओढत असते, कारण कॉलमवर जास्त भार टाकला की वक्र असाच वाकतो. ल्युटेशियम हत्तीच्या पुढे निघाले, तर यिटर्बियम त्याला पुढे ढकलत नेते आणि ते चांगले एकवटते. मागे राहिले, तर शेपटीतच सापडते.

अल्फा-एचआयबीए: मुंगी पुढे

जुनी, विश्वासू पद्धत. धनायन-विनिमय रेझिनच्या बारीक कणांचा कॉलम, आणि त्यातून अमोनियाने पीएच जमवलेले अल्फा-हायड्रॉक्सी आयसोब्युटिरिक ॲसिड (एचआयबीए). जड लँथनाइडशी (यिटर्बियम-ल्युटेशियमच्या कुळातल्या मूलद्रव्यांशी) त्याचे बंध अधिक घट्ट, म्हणून ल्युटेशियम आधी रेझिन सोडते. क्रम आपल्या बाजूचा.

०.०७ मोलर द्रावण, पीएच ४.२ च्या आसपास, ही सुरुवातीची जागा. या ॲसिडचा पीकेए (ज्या पीएचला ते अर्धे आयनरूपात असते) ४ च्या जवळ असल्यामुळे पीएच मीटर ०.०५ ने चुकला तरी ल्युटेशियमचे शिखर सरकते आणि कट (माल कुठून कुठपर्यंत गोळा करायचा ती सीमा) चुकीच्या नळीत पडतो. म्हणून बफर दर वेळी ताजा, मीटर त्याच दिवशी कॅलिब्रेट केलेला, आणि कॉलमभोवती ठराविक तापमानाचे पाण्याचे जॅकेट. एसी बंद पडलेल्या खोलीत मे महिन्यात आणि जानेवारीत एकच कॉलम दोन वेगळी शिखरे देतो.

मर्यादा भाराची. एका ग्रॅम यिटर्बियमला, एका आयनामागे तीन रेणू या हिशेबाने, १७ मिलिमोल एचआयबीए लागते. पीएच ४.२ ला त्यातला साधारण साठ टक्केच भाग कामाच्या रूपात असतो. म्हणजे सगळे यिटर्बियम नुसते बांधायलाच ४०० मिलिलिटर खर्ची पडतात. प्रत्यक्ष इल्यूशनला (कॉलमवरून माल उतरवायला) त्याच्या कित्येक पट, लिटरांच्या हिशेबात द्रावण लागते आणि ते सगळे द्रव किरणोत्सारी कचऱ्यात जाते. ५० ते १०० मिलिग्रॅम लक्ष्यापर्यंत ही पद्धत सुंदर चालते. ग्रॅमवर गेले की वेळ आणि बाटल्या दोन्ही हाताबाहेर जातात.

दुसरी अडचण म्हणजे ल्युटेशियम एचआयबीए घेऊनच बाहेर येते, आणि एचआयबीए असताना डोटा त्याला पकडू शकत नाही. ते जमा केलेले द्रावण पीएच २ च्या खाली आणले की एचआयबीए पकड सोडते. मग छोट्या धनायन कॉलमवर, किंवा ॲसिड बरेच तीव्र करून डीजीए या रेझिनवर, ल्युटेशियम अडवायचे, धुवायचे आणि ॲसिडने काढून घ्यायचे. ही पायरी घाईत उरकली की लेबलिंग ६०-७० टक्क्यांवर अडकते आणि दोष पेप्टाइडच्या माथी मारला जातो.

एलएन-२ आणि डीजीए: हत्ती पुढे, पण साखळी छान जुळते

इथे एलएन-२ रेझिनच्या छिद्रांत फॉस्फोनिक ॲसिडचा निष्कर्षक (धातू ओढून धरणारा पदार्थ) भरलेला असतो. जड लँथनाइड तो अधिक घट्ट धरतो. त्यामुळे नायट्रिक ॲसिडने आधी यिटर्बियम निघते आणि ल्युटेशियम मागे राहते. क्रम उलटा आहे, शेपूट मालात येणारच. तरी ग्रॅमच्या कामासाठी हीच पद्धत पुढे आहे, कारण या साखळीत एका कॉलमवरून दुसऱ्यावर जाताना कुठेही बाष्पीभवन करावे लागत नाही.

साखळी अशी. विरल ॲसिडमधला माल एलएन-२ वर चढवायचा. दीड मोलरच्या आसपास नायट्रिकने यिटर्बियम उतरवायचे. मग ४ मोलर नायट्रिकने ल्युटेशियम आणि उरलेली शेपूट उतरवायची. हे ४ मोलर द्रावण जसेच्या तसे डीजीए रेझिनवर जाते, कारण डीजीए तीव्र ॲसिडमध्येच धरते. तिथून ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिकने माल उतरतो आणि तो तसाच पुढच्या, लहान एलएन-२ कॉलमवर चढतो, कारण एलएन-२ ला विरल ॲसिडच हवे असते. एकाचे उतरवण्याचे द्रावण ते दुसऱ्याचे चढवण्याचे. अशा दोन किंवा तीन फेऱ्या झाल्या की ५०,००० चा गुणक गाठता येतो. एका कॉलममध्ये तो गाठायचा प्रयत्न करू नये.

एचडीईएचपी हा दुसरा निष्कर्षक भरलेले जुने एलएन रेझिन वापरावे का? त्याचा विभाजन-गुणक चांगला आहे, पण ते ल्युटेशियम इतके घट्ट धरते की उतरवायला बरेच तीव्र ॲसिड लागते आणि शिखर पसरते. एलएन-२ ची पकड सैल असते आणि या कामाला तीच सोयीची.

रेझिन किती लागेल याचा अंदाज घरी काढता येतो. वजनाने ४० टक्के निष्कर्षक आणि एका लँथनाइडमागे सहा रेणू धरले, तर एक ग्रॅम रेझिनवर कमाल ३५ मिलिग्रॅमच्या आसपास यिटर्बियम मावते. विभाजन चांगले हवे तर त्याच्या १५ टक्क्यांवर थांबावे. म्हणजे एका ग्रॅम यिटर्बियमला पहिल्या कॉलममध्ये १८० ते २०० ग्रॅम रेझिन. पैसे वाचवायला ५० ग्रॅमवर भागवले, की यिटर्बियम अर्ध्याहून जास्त कॉलम व्यापते, आणि शेपूट इतकी जाड होते की दुसऱ्या फेरीचे काम तिप्पट होते. कण २० ते ५० मायक्रॉनचे घ्यावेत आणि कॉलम ५० अंशांवर ठेवावा. थंड कॉलममध्ये आयनांची देवाणघेवाण मंद चालते आणि शिखरे पसरतात. ॲसिडची नेमकी तीव्रता रेझिनच्या लॉटनुसार थोडी हलते, म्हणून प्रत्येक नवा लॉट आधी थंड यिटर्बियम-ल्युटेशियमवर चालवून कट ठरवून घ्यावा.

नेहमी होणाऱ्या चुका तीन. ऑक्साइड विरघळवल्यावर मोकळे ॲसिड शिल्लक राहते, आणि मग माल कॉलमच्या डोक्यावर पातळ पट्टीत न बसता खाली पसरतो. विरघळवल्यावर जवळपास कोरडे करून ०.१ मोलरमध्ये घ्यावे. दुसरी चूक कडक भाजलेल्या ऑक्साइडची. ते हट्टी असते, ८०-९० अंशांवर तीव्र ॲसिडमध्येही वेळ घेते. न विरघळलेले कण कॉलमच्या फ्रिटवर (तळाच्या जाळीवर) बसले की प्रवाह थांबतो, आणि हॉट सेलमध्ये (किरणांपासून आडोसा असलेल्या बंद कक्षात) मॅनिप्युलेटरने फ्रिट बदलणे ही करमणूक नव्हे. तिसरी चूक म्हणजे रेझिनमधून निष्कर्षकाचा थेंब-थेंब गळणारा अंश. शेवटच्या डीजीएआधी एक साधा शोषक रेझिनचा प्री-फिल्टर ठेवला की तो अडतो. न ठेवल्यास अंतिम द्रावणात सेंद्रिय माग राहतो आणि लेबलिंग दर बॅचला वेगळे येते, कारण काही केल्या सापडत नाही.

किरणांमुळे कॉलममध्ये वायूचे बुडबुडे तयार होतात. दोन्ही पद्धतींत. द्रावणे वायुमुक्त करून घ्यावीत आणि सक्रिय पट्टी कॉलमवर रात्रभर उभी ठेवू नये. सकाळी पट्टीत फट पडलेली दिसते.

पाऱ्याचा ध्रुव

तिसरी पद्धत वेगळ्याच गुणावर चालते. यिटर्बियम द्विसंयुजी होऊ शकते (प्रमाण विभव उणे १.०५ व्होल्ट), ल्युटेशियम होत नाही. लिथियम सायट्रेटच्या उदासीन द्रावणात पाऱ्याचा ऋण ध्रुव आणि प्लॅटिनमचा धन ध्रुव ठेवून विद्युतप्रवाह सोडला, की यिटर्बियम पाऱ्यात ॲमलगम होऊन शिरते आणि ल्युटेशियम द्रावणात राहते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ही वाट प्रकाशित कामात दाखवून दिली आहे. इथे फरक दीडपटीचा राहत नाही, रसायनच वेगळे होते, म्हणून हत्ती पटकन हलतो.

अडचण नावातच आहे. रुग्णाच्या नसेत जाणाऱ्या द्रावणाच्या इतक्या जवळ पारा ठेवायचा, तो पूर्ण काढला हे दर बॅचला सिद्ध करायचे आणि उत्तम उत्पादन पद्धतींच्या तपासनिसाला पटवायचे. पीएच घसरला की यिटर्बियमऐवजी हायड्रोजनच सुटतो, ऑक्सिजन आत आला की ॲमलगममधले यिटर्बियम परत द्रावणात येते. संशोधन संस्थेने जरूर करावे. हॉस्पिटलला दर आठवड्याला माल पुरवणाऱ्या केंद्राने यावर अवलंबून राहू नये, असे स्पष्ट मत आहे.

| | अल्फा-एचआयबीए | एलएन-२ व डीजीए | पारा-ध्रुव |
|---|---|---|---|
| सोयीचे लक्ष्य | १०० मिलिग्रॅमपर्यंत | ग्रॅम आणि पुढे | शेकडो मिलिग्रॅम |
| आधी बाहेर | ल्युटेशियम | यिटर्बियम | यिटर्बियम पाऱ्यात |
| सर्वांत नाजूक जागा | पीएच, तापमान | भार, कटची जागा | पाऱ्याचा अंश |
| नंतरचे काम | एचआयबीए काढणे | प्री-फिल्टर, शेवटचा डीजीए | पारा आणि सायट्रेट काढणे |

कट कुठे पडला, हे दिसणार कसे

ल्युटेशियम २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा रेषेने ओळखू येते, कॉलमच्या तोंडाशी बसवलेला साधा डिटेक्टरही पुरतो. यिटर्बियम ओळखायला १७५ ची ३९६ ची रेषा कामी येते. गंमत अशी की लक्ष्य जितके चांगले, १७४ जितका कमी, तितकी ही रेषा फिकी आणि शेपूट अदृश्य. अशा वेळी लक्ष्यात यिटर्बियम-१६८ चा अंश असेल, तर त्यापासून झालेला यिटर्बियम-१६९ (३२ दिवस) १९८ च्या रेषेने माग दाखवतो. पण २०८ च्या उंच शिखराशेजारी १९८ वाचायला उच्च विभेदनाचा जर्मेनियम डिटेक्टर हवा. शेवटी थंड यिटर्बियमचा आकडा आयसीपी या धातूंचे अंश मोजणाऱ्या यंत्रावरच घ्यावा, सोबत लोखंड, जस्त, तांबे, कॅल्शियमही. हॉट सेलमधल्या स्टीलच्या सुया आणि झडपा या धातूंचे नेहमीचे उगमस्थान आहेत. पीक (PEEK हे टणक बहुवारिक) आणि प्लॅस्टिकचे भाग लावले तर निम्मा त्रास जातो.

आणि घड्याळ. ल्युटेशियम-१७७ दर दिवशी दहा टक्के गळते. एचआयबीएची एक फेरी वाढली किंवा तिसऱ्या एलएन-२ कॉलमसाठी एक दिवस थांबले, तर तेवढा माल गेलाच. तिसरी फेरी दर वेळी न करता, दुसऱ्या फेरीनंतरच्या आयसीपीच्या आकड्यावर ठरवावी.

यिटर्बियम परत मिळवा

दोन आठवड्यांच्या किरणनात लक्ष्यातले फक्त ०.०४ टक्के यिटर्बियम वापरले जाते. बाकी सगळे नायट्रिकच्या बाटल्यांत बसून असते, आणि तो महागडा समृद्ध माल आहे. ऑक्झॅलेट म्हणून साका खाली पाडायचा, गाळून, भाजून पुन्हा ऑक्साइड करायचे. एका फेरीत एक टक्का हरवला, तरी तो रिॲक्टरमध्ये खर्च झालेल्याच्या पंचवीस पट. म्हणून यिटर्बियमच्या बाटल्यांवरही मालाइतक्याच काळजीने लेबले लावावीत. आधी यिटर्बियम-१७५ आणि १६९ ची सक्रियता उतरू द्यावी, नंतर ते बाकावर घ्यावे.

मग काय घ्यावे

मुंबई-ठाण्यातल्या विभागाला डोटाटेटपुरते काम असेल, माल दोन-चार दिवसांत संपत असेल आणि १७७एम साठी कचऱ्याची जागा असेल, तर सीए घ्यावा. अँटिबॉडीवर काम चालू असेल, माल दुसऱ्या शहरांत जायचा असेल किंवा डिले टँक आधीच भरलेली असेल, तर एनसीए. ते स्वतः बनवायचे असेल तर लक्ष्य १०० मिलिग्रॅमच्या आत असेपर्यंत एचआयबीएने सुरुवात करावी. हात बसतो आणि क्रमही आपल्या बाजूने असतो. आठवड्याला एक ग्रॅमवर जायचा बेत पक्का असेल, तर मात्र थेट एलएन-२ आणि डीजीएवर यावे. मधली पायरी म्हणून एचआयबीएची मोठी यंत्रणा बांधू नये, दोन वर्षांत ती कोपऱ्यात पडते.

हॉट सेल आखताना टर्बियम-१६१ साठी जागा ठेवावी. गॅडोलिनियम-१६० पासून, ३.७ मिनिटांच्या गॅडोलिनियम-१६१ मार्गे, तो बनतो. अर्धायुष्य ६.९ दिवसांच्या आसपास, ल्युटेशियमच्या जवळचे. हेच कॉलम, हेच ॲसिड, फक्त तीव्रता वेगळी. आणि गॅडोलिनियम-टर्बियममधला विभाजन-गुणक यिटर्बियम-ल्युटेशियमहून कितीतरी मोठा असल्याने हत्तीची शेपूट इथे आखूड असते. एकच अट: दोन्हींच्या कॉलमच्या नळ्या, झडपा आणि बाटल्या पूर्णपणे वेगळ्या ठेवायच्या.